हरित चेष्टा

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत सीपरी बाजारात प्रसिद्ध होती, आणि ती तिच्या देवीच्या व्रणांसारख्या पोपड्यांमुळे. रिक्षावाल्याला घर दाखवताना आई म्हणायची, "वो चेचकवाला दीवार है ना भैया, उधर रोको." आईचं हिंदी लग्न होऊन भुसावळहून झाशीला आलं होतं आणि इथल्या व्याकरणाशी त्यानं कधी फारसं जमवून घेतलं नाही. रिक्षा मात्र बरोबर भिंतीशी थांबायची.

म्हणून दिवाळी झाल्यावर कोपऱ्यावरचा स्टोव्ह-शेगडीवाला दुकानदार आला आणि म्हणाला, "ड्राइवर साहब, ये दीवार साल भर के लिए हमें दे दो, पुताई पूरी कंपनी की," तेव्हा बाबांना त्यात नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. भिंत कंपनी आपल्या खर्चानं रंगवणार, वर आपली जाहिरात लिहिणार, आणि वर्षभर आपण ती पुसायची नाही, एवढंच. एक कागद होता. बाबांनी त्यावर सही केली. जाता जाता दुकानदारानं सहज विचारल्यासारखं केलं, "आपने तो जिंदगी भर कोयला झोंका है ना?"

"और क्या किया हमने?" बाबा म्हणाले.

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. वाफेच्या इंजिनावर ते फायरमन म्हणून लागले, फावड्यानं कोळसा घालत घालत ड्रायव्हर झाले, आणि वाफेची इंजिनं गेल्यावरही गल्लीत त्यांची ओळख कोळशाचा माणूस हीच राहिली. वाफेच्या दिवसांत लांबून येणाऱ्या गाडीचा धूर बघून आज इंजिनाला चांगला माल मिळालाय की चुरा, हे ते घराच्या पायरीवरून सांगत. शाळा त्यांची चौथीपर्यंत झाली होती. आमच्या घरात पहिली बी.ए. मी, तीही झाशीच्याच कॉलेजातून, आणि विषय हिंदी साहित्य. हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे त्याची फजिती सांगायची आहे.

ही कंपनी मुळात वीज बनवणारी. कुठेतरी लांब कोळसा जाळून वीज करायची आणि टीव्हीवर हिरव्यागार टेकड्या दाखवायची. टेकडीवरून एक मुलगी पळत यायची, मागून हरीण पळत यायचं, आणि शेवटी एका पानावरून दवाचा थेंब पडून त्यातून कंपनीचं नाव उगवायचं. आमच्या बुंदेलखंडात एवढं गवत एका जागी कुणी पाहिलंय? पण गल्लीतल्या बायका कौतुकानं बघायच्या. त्या वर्षी कंपनीनं घरगुती शेगडीसाठी जळणाचे गोळे काढले होते. हिरवी पिशवी, पिशवीवर पान, आणि गोळेही हिरवे. आई त्यांना हिरवे लाडू म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून शिकवून परत आले तर आमची भिंत ओळखू येईना. खालपासून वरपर्यंत पोपटी, आणि त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत, डावीकडे पहिल्या दोन ओळी आणि उजवीकडे उरलेल्या दोन:

शुद्ध वनस्पति ईंधन।
धुआँ रहित।
जीवन भर कोयला झोंकने वाले भी अब यही जलाते हैं।
प्रकृति की सेवा में, हमारी हरित चेष्टा।

आई रस्त्यावर उभी राहून मोठ्यानं वाचत होती. शेवटच्या ओळीवर ती थांबली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं, हे बघ, स्वतःच लिहिलंय यांनी. हिरवी चेष्टा! प्रकृतीची सेवा करताहेत म्हणे, आणि वर चेष्टा!"

मी तिला समजावलं की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. "ते तुमच्या कॉलेजात," आई म्हणाली. "घरात चेष्टा म्हणजे चेष्टाच." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या जाहिरातीला दुसरं नाव राहिलं नाही. दूधवाला आला की, चेष्टेपाशी सायकल लावू नको. पाहुणे येणार असले की, चेष्टेच्या शेजारचं दार.

बाबा हसले नाहीत. ते तिसऱ्या ओळीकडे बघत होते. "हे कोणाबद्दल लिहिलंय?" त्यांनी मला विचारलं. या रस्त्यावर जन्मभर कोळसा टाकलेला माणूस एकच होता आणि तो त्या भिंतीच्या आत राहत होता. "पण मी तर अजून ती पिशवी उघडूनसुद्धा बघितली नाही."

ते दुकानदाराकडे गेले. त्यानं हसत एक पिशवी पुढे केली. "तो लो ना, ड्राइवर साहब, आज जला लो. बात सच हो जाएगी."

त्या संध्याकाळी अंगणात शेगडी पेटली. बाबांनी आधी एक गोळा उचलून तळहातावर तोलला, मग नाकाशी नेला, मग दाराच्या दगडावर ठेवून बत्त्यानं फोडला. वरचा हिरवा रंग बोटांना लागला. आत काळं. त्यांनी चिमूट चिमटीत चोळली, थोडी जिभेवर ठेवली आणि थुंकले. मग चार गोळे शेगडीत घातले. आधी पांढरट धूर आला, मग पिवळा, आणि त्यामागून तो वास, जो लहानपणी बाबांच्या खाकी कपड्यांना यायचा. आईनं तो लगेच ओळखला. ती म्हणाली, "अगंबाई, ड्यूटीवरून आलात वाटतं?"

"कोळसा आहे," बाबा म्हणाले. "नुसता कोळसापण नाही. झाडून काढलेला चुरा. लाकडाचा भुसा घातलाय नावाला, आणि चिकटायला मळी." शेगडी विझल्यावर त्यांनी राख उकरून दाखवली. तळाशी दगडासारखे वितळून चिकटलेले खडे होते. रेल्वेत त्यांना क्लिंकर म्हणत, आणि फायरमनचं अर्धं आयुष्य ते भट्टीतून उकरण्यात जाई. "वनस्पतीच्या राखेत हे कधी येत नाहीत. आजन्म नाही."

एवढ्यावर ते सोडूनही दिलं असतं त्यांनी. पण समोरच्या घरातली सून बाळंत होऊन दोन महिने झाले होते. झाशीची थंडी कोरडी असते, हाडात शिरते. तिच्या घरच्यांनी खोलीच्या खिडकीच्या फटी वर्तमानपत्र चिकटवून बंद केल्या होत्या आणि बाहेर धुमसून झालेली शेगडी आत. बंद खोलीत कोळशाचा वायू साठला की माणूस झोपेतच जातो, हे बाबांना रेल्वेपासून ठाऊक होतं. बाबांनी दारातूनच विचारलं, "बहू, क्या जलाया है?"

तिनं आनंदानं हिरवी पिशवी दाखवली. "आपई की दीवार पढ़ के तो मँगाओ है, कक्का."

"खिड़की खोलो. कोयला है ये."

ती हसली. "काय मजाक करत हो! जे में तो धुआँ नइयाँ. आपई ने तो लिखवाओ है."

बाबा परत आले. रात्रीचं जेवण त्यांनी अर्धवट टाकलं. एरवी कोळशाच्या बाबतीत त्यांचा शब्द गल्लीत कुणी खाली पडू देत नसे. आता तोच शब्द त्यांच्या विरुद्ध उभा होता, आणि तोही त्यांच्याच घराच्या भिंतीवर, एकेक अक्षर वीतभर उंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानदाराला सांगितलं की ही ओळ पुस. तो म्हणाला, "अब तो पुत गई. साल भर की बात है. और कागज पे दस्तखत आपके हैं, हम क्या करें?"

आई म्हणाली, "चुना आणा, मी फासते." पण बाबांना ते मान्य नव्हतं. ड्यूटीच्या रजिस्टरात सही केली की केली, असा त्यांचा जन्म गेलेला. सही करून मग फासायचं, तर त्या कंपनीत आणि आपल्यात फरक काय राहिला? मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. तेव्हा राग जास्त होता.

मी तो कागद मागून घेतला. बी.ए. झालेल्या माणसानं एवढं तरी करावं. कागदात लिहिलं होतं की वर्षभर जाहिरात पुसणे, चुना फासणे, खरवडणे किंवा कापड वगैरे लावून झाकणे मना आहे. मी तो दोनदा वाचला आणि बाबांना म्हटलं, "भिंतीजवळ शेगडी पेटवू नये असं कुठेच नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला बाबा घराबाहेर, जाहिरातीच्या खाली, शेगडी मांडून बसू लागले. शेगडीत कंपनीचेच गोळे. बसायला वेताचा मोढा, अंगावर रेल्वेचा जुना ओव्हरकोट. पहिल्या दिवशी त्यांनी शेगडी वीतभर डावीकडे सरकवली, दुसऱ्या दिवशी दोन बोटं उजवीकडे. मी विचारलं, "हे काय करताय?" तर म्हणाले, "वाऱ्याचा अंदाज घेतोय." चौथ्या दिवशी मला कळलं. काजळीचा झोत बरोबर "रहित" या शब्दावर चढत होता. आठवड्याभरात "रहित" गेलं आणि भिंतीवर स्वच्छ वाचता येऊ लागलं: शुद्ध वनस्पति ईंधन। धुआँ।

बाजार थांबून बघायला लागला. कुणी विचारलं, "ड्राइवर साहब, ये क्या हो रहा है?" की बाबा गंभीरपणे सांगायचे, "माल की जाँच चल रही है." दुकानदार तणतणत आला. "ये तो धोखा है! कागज में साफ लिखा है, ढकना मना है!"

"किसने ढका?" बाबांनी विचारलं.

"आपके धुएँ ने!"

"किसके धुएँ ने?"

दुकानदार आता अडकला. गोळे त्याचेच. धूर आहे म्हणावं तर भिंत खोटी, धूर नाही म्हणावं तर ही काजळी कुठून आली? भोवती जमलेल्या लोकांना हे त्याच्या आधी कळलं होतं. भाजीवाली इतकी हसली की तिच्या हातातला तराजू हलायचा थांबेना.

मजा आली, पण त्यानं काम होत नव्हतं. तिसरी ओळ उजवीकडे, काजळीच्या टप्प्याबाहेर होती आणि समोरची खिडकी बंदच होती. बाबा रोज जाऊन सांगायचे, ती सून त्यांच्या मानासाठी दार थोडं उघडं ठेवायची, आणि ते वळले की सासू परत लावून घ्यायची. सासूचं म्हणणं सरळ होतं: एवढी मोठी कंपनी खोटं कशाला छापेल, आणि ड्रायव्हरसाहेबांनी तरी स्वतःच्या भिंतीवर ते का छापू दिलं असतं?

म्हणून पत्र लिहायचं ठरलं, थेट कंपनीच्या लखनौच्या ऑफिसला. बाबा मोढ्यावर बसून मराठीत सांगत होते, मी मांडीवर पाटी घेऊन हिंदीत लिहीत होते, आणि आई मधूनमधून मसाला घालत होती.

"लिही, की तुमच्या मालात कोळसा आहे."

"लिहिलं."

"लिही, की म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करणं तुम्हाला शोभत नाही."

"लिहिलं."

"लिही, ही हिरवी चेष्टा बंद करा म्हणावं!" आई आतून ओरडली. "ताबडतोब!"

मी तेही लिहिलं. हात भरभर चालत होता. महिनाभर घरात तो शब्द आमच्याच अर्थानं नांदत होता; त्याचा हिंदी अर्थ मी पार विसरून गेले होते. तीन वर्षं हिंदी साहित्य घासलेल्या मुलीनं झोकदार अक्षरात लिहिलं: "एक वृद्ध रेलकर्मी की चेष्टा करना आपको शोभा नहीं देता। आप अपनी हरित चेष्टा तत्काल बंद करें।" खाली सही, आणि सहीपुढे बी.ए. पत्र मी स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

पंधरा दिवसांनी कंपनीचा माणूस दारात उभा.

हे मला नंतर कळलं की कंपनीकडे तक्रारी पुष्कळ यायच्या आणि सगळ्यांना एकच छापील उत्तर जायचं. पण हिरवाईचे प्रयत्न ताबडतोब बंद करा, अशी मागणी करणारं पत्र त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. ते वर चढत चढत कुठल्यातरी मोठ्या साहेबापर्यंत गेलं, आणि त्यानं हा माणूस पाठवला. टाय लावलेला, अतिशय सभ्य, हातात कुंडी. कुंडीत अशोकाचं रोप.

"मैडम, ये आपके लिए," तो म्हणाला. मग अंगणात खुर्चीवर बसून त्यानं माझं पत्र उघडलं. "आपने लिखा है कि हम अपनी हरित चेष्टा तत्काल बंद करें."

"जी, लिखा है."

"आपको हरियाली से कोई शिकायत है?"

"हरियाली से क्यों होगी? चेष्टा से है."

"लेकिन चेष्टा तो हरियाली के लिए ही है."

"वही तो!" आई दारातून म्हणाली. "हरियाली के नाम पे इतना चेष्टा अच्छा नहीं लगता, भैया."

त्यानं डायरीत काहीतरी टिपलं. "तो माताजी, चेष्टा थोड़ी कम कर दें?"

"कम नहीं, बंद! बुढ्ढे आदमी का चेष्टा करता है तुम लोग!"

तो पत्राकडे परत बघू लागला. "जी, ये वाक्य हमारे यहाँ किसी को समझ में नहीं आया. वृद्ध रेलकर्मी की चेष्टा हम कैसे कर सकते हैं? वो तो वे स्वयं करेंगे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ ओळींचं पत्र आणि त्यात माझी पूर्ण पदवी वाहून गेली होती. क्षणभर वाटलं सांगून टाकावं, की साहेब, आमच्या भाषेत चेष्टा म्हणजे टिंगल. मग विचार केला, बरोबर शब्द लिहिला असता तर घरी छापील कागद आला असता. चुकीच्या शब्दानं टायवाला माणूस आलाय. मी गप्प बसले. बी.ए. झाल्याचा हा पहिलाच खरा उपयोग असेल.

"बाबा," मी म्हटलं, "साहेबांना शेगडीपाशी बसवा."

बाबांनी त्याला बाहेर नेऊन आपल्या मोढ्यावर बसवलं आणि शेगडी पेटवली. गोळा फोडून दाखवला. त्या माणसाचा रुमाल नाकाकडे गेला तसा बाबांनी विचारलं, "क्यों साहब, जुकाम है?"

"जी नहीं, वो थोड़ा धुआँ..."

"कौन सा धुआँ?" बाबांनी निष्पापपणे भिंतीकडे बोट केलं.

मागे आठ-दहा माणसं जमली होती, ती खुसखुसली. तो माणूस हुशार होता, त्यानं दुसरी वाट धरली. "देखिए बाबूजी, वैज्ञानिक दृष्टि से देखें तो कोयला भी कभी वनस्पति ही था. पेड़ ही दबकर कोयला बनते हैं."

बाबांनी मान डोलावली. "हओ. उस हिसाब से तो हमने भी इंजन में सारी उम्र वनस्पति झोंकी. बस, रेलवे ने बताया नहीं."

त्यावर सगळा रस्ता हसला. तो माणूसही हसला, त्याचा इलाज नव्हता. मी मात्र माझा कागद पुढे केला. त्यावर तीनच प्रश्न होते, आणि या वेळी एकेक शब्द कोशात बघून लिहिलेला. या गोळ्यात वनस्पती किती आणि कोळसा किती? "धुआँ रहित" हे कुणी तपासलं आणि त्याचा कागद कुठे आहे? आणि जन्मभर कोळसा टाकणाऱ्या कोणत्या माणसानं हे जाळून तुम्हाला सांगितलं? मी म्हटलं, "जवाब लिख के भेजिए. बोल के नहीं."

"मैडम, इतनी बारीकी से विज्ञापन कौन पढ़ता है?"

"जिसकी दीवार पे हो, वो पढ़ता है."

उत्तर आलं. ते मी अजून जपून ठेवलंय. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला बगल दिली होती आणि दुसऱ्यापाशी लिहिलं होतं की जाहिरातीतले "शुद्ध वनस्पति" आणि "धुआँ रहित" हे शब्द भावनात्मक अर्थानं वापरले आहेत.

"भावनात्मक अर्थानं?" आई म्हणाली. "मग आज मीही आमटीत भावनात्मक मीठ घालते."

पण तोच कागद कामी आला. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं सांगितलं की जाहिराती खऱ्या की खोट्या हे बघणारी एक संस्था मुंबईत आहे, तिला साधं पत्र लिहिता येतं, वकील लागत नाही. आणि तिथे नाही जमलं तर ग्राहक मंच आहेच. मी फोटो स्टुडिओवाल्याला बोलावून भिंतीचा फोटो काढला, काजळीसकट. पिशवीचं वेष्टन सपाट करून जोडलं. जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, कुठे आणि कधी पाहिला ते लिहिलं, आणि कंपनीचं ते भावनात्मक उत्तर वर टाचणीनं लावलं. पहिल्या खर्ड्यात शिव्याशाप पुष्कळ होते. ते मी काढले. हे मला तेव्हा उमगलं की खोटं आहे हे सिद्ध करायला मला प्रयोगशाळा नको होती. मोठा दावा ज्यानं केला, कागद त्यानं दाखवायचा. मी फक्त विचारायचं, आणि पुन्हा विचारायचं.

आता मला वाटतं, हिरवा रंग हा असा एक रंग आहे की त्याच्यापुढे माणूस प्रश्न विचारायला लाजतो. झाडाला विरोध कोण करील? पानाचं चित्र असलं की वाटतं आपणच वाईट, शंका घेतोय. कंपनीवाल्यांना ही लाज ठाऊक असते. बाबांना ती नव्हती, कारण त्यांनी हिरव्याच्या आतलं काळं चाखून बघितलं होतं.

थंडी सरत आली, पण सकाळ-संध्याकाळ शेगडी लागतच होती, तेव्हा मुंबईहून उत्तर आलं. कंपनीकडे पुरावा मागितला, तिनं दिला नाही, सबब ते दावे मागे घ्यायला सांगितले आहेत. मी ते पत्र अंगणात उभी राहून वाचून दाखवलं आणि बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्या दिवशी पेंटर आला, शिडी आणि पोपटी रंगाचा डबा घेऊन. समथरकडचा मध्यमवयीन माणूस, तोच ज्यानं आधी रंगवलं होतं. त्यानं "शुद्ध वनस्पति" पुसलं. काजळीतून "धुआँ" होतं तेही पुसलं. शेवटची ओळ पुसली. मग शिडी उतरून डबा बंद करायला लागला.

भिंतीवर आता एकच ओळ उरली होती: जीवन भर कोयला झोंकने वाले भी अब यही जलाते हैं।

"और ये?" बाबांनी विचारलं.

"जे को तो आडर नइयाँ, कक्का. पर्चा में इत्तोई लिखो है." त्यानं खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. खरंच होतं. हिरवाईचे दावे पुसायचे होते. बाबांची ओळ हिरवाईची नव्हती, ती बाबांची होती, आणि ती कंपनीला अजून हवी होती.

बाबा त्या एकट्या ओळीखाली उभे राहिले. रस्ता भर गर्दीचा, सकाळचे दहा. इतके दिवस ती ओळ चार ओळींत मिसळलेली होती. आता येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तेवढंच वाचत होता आणि वाचून बाबांकडे बघत होता.

मी आत जाऊन तो सहीचा कागद आणला. "बाबा, यात लिहिलंय, जाहिरात पुसायची नाही. आज ती कुणी पुसली? कंपनीनं. तुमची सही ज्या जाहिरातीला होती ती जाहिरातच आता राहिली नाही."

बाबांनी कागद हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "हे खरं सांगतेस, की वकिली करतेस?"

"खरं सांगते."

"नक्की?"

"बाबा, माझी चूक शब्दात होते. हिशेबात नाही."

त्यांनी कागदाची घडी करून ओव्हरकोटाच्या खिशात घातली आणि पेंटरपुढे हात केला. पेंटरनं क्षणभर विचार केला, मग ब्रश त्यांच्या हातात दिला आणि शिडी धरून उभा राहिला. "सँभल के, कक्का." गुडघे दुखत असूनही बाबा चार पायऱ्या चढले. उजवीकडून डावीकडे, "हैं" पासून "जीवन" पर्यंत, एकेक शब्द त्यांनी सावकाश पुसला. मध्येच दुकानदार त्याच्या दुकानाच्या फळीवर उभा राहून बघताना दिसला. पण तो पुढे आला नाही.

समोरची सून बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली होती. भिंत कोरी झाली तेव्हा ती रस्ता ओलांडून शिडीपाशी आली. "कक्का, तो अब हम का जलाएँ?"

बाबा शिडीवरच होते. हाताला पोपटी रंग, कपाळाला पोपटी रंग. दुसरं कुठलंतरी चांगलं जळण त्यांना सांगता आलं असतं. गल्लीनं ते लगेच ऐकलंही असतं. मी बघत होते, त्यांनी विचार केला आणि ते सांगितलं नाही.

"जो घर में हो, वही जलाओ, बहू," ते म्हणाले. "ये कोयला है तो कोयला समझ के जलाओ. अंगीठी बाहर सुलगाओ, धुआँ निकल जाए तब भी अंदर मत ले जाओ जब तक खिड़की खुली न हो. और हमारे कहने से नहीं. खुद सूँघ के देखो."

ती गेली. थोड्या वेळानं वर्तमानपत्र फाटल्याचा आवाज आला. दिवाळीपासून बंद असलेली खिडकी खळीनं चिकटून घट्ट बसली होती. तिनं आतून एक धक्का दिला, दुसरा दिला. मग सासूचा आवाज आला, "हट, तोसे ना खुले," आणि तिसऱ्या धक्क्याला ती उघडली.